किनाऱ्यावर तेल आले तर आधी माणूस सांभाळा

पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या पुळणीवर डांबराचे काळे गोळे येऊन पडतात, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या चपला बरबटतात. मुले खेळून घरी आली की तळवे काळे असतात आणि मग आई रॉकेलचा बोळा घेऊन पाय पुसायला बसते. हे गोळे म्हणजे समुद्रात कुठेतरी सांडलेले, नाहीतर जहाजांनी टाक्या धुऊन सोडून दिलेले तेल. ऊन, वारा आणि लाटा यांनी त्यातला पातळ भाग उडून जातो, उरलेला घट्ट होत जातो आणि नैर्ऋत्येकडचे वारे सुरू झाले की तो किनाऱ्याला लागतो. निरोगी माणसाच्या पायाला असा एखादा गोळा चिकटला तर फारसे बिघडत नाही. कातडी नाजूक असेल तर पुरळ उठते, खाज येते आणि दोन-चार दिवसांत बरेही होते.

आज मला लिहायचे आहे ते मात्र गोळ्यांविषयी नव्हे, तर एखाद्या सकाळी सगळी पुळणच काळी झालेली दिसेल त्या दिवसाविषयी. तसा दिवस आपल्याकडे येणारच, असे माझे म्हणणे नाही. पण मुंबईकडे जाणारी-येणारी जहाजे आपल्या किनाऱ्यासमोरूनच जातात आणि जहाज तेलवाहूच असायला हवे असेही नाही. साध्या मालवाहू जहाजाच्या पोटातही त्याच्या स्वतःच्या इंजिनासाठी शेकडो टन जाड तेल भरलेले असते. असा प्रसंग ओढवला तर समुद्रातले जहाज, तवंग, यंत्रे हे सारे पाहायला तटरक्षक दल आहे. त्यासाठीची राष्ट्रीय योजना १९९६ पासून आहे आणि तिच्या कवायतीही होतात. परंतु किनाऱ्यावर कोण उतरतो, अंगावर काय घालून उतरतो आणि किती वेळ थांबतो, हे बऱ्याच अंशी आपल्याच हातात असते. आजारी पडतो तो इथे.

घडून गेलेल्या गोष्टींकडे आधी पाहू. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एम.एस.सी. चित्रा' आणि 'खलिजिया-३' या दोन जहाजांची टक्कर झाली. 'चित्रा' कलले, त्यावरचे शेकडो कंटेनर पाण्यात पडले आणि सुमारे आठशे टन तेल समुद्रात गेले. ते मुंबई-नवी मुंबईच्या तिवरांत शिरले, उरण-अलिबागच्या बाजूलाही पोचले. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती, होड्या दर्यात लोटायचे दिवस होते आणि नेमकी तेव्हाच मासळीला मागणी उरली नाही. पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट २०११ ला, कोळसा घेऊन जाणारे 'राक कॅरिअर' मुंबईजवळ बुडाले आणि त्याचेही तेल किनाऱ्यावर आले. दोन्ही अपघात ऑगस्टमधले, हे ध्यानात ठेवावे. पावसाळ्यात वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. तवंग आत खोल समुद्रात न जाता आपल्या दाराशी येतो आणि त्याची वाफही.

वाफेचा धोका आधी

तेल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चिकट काळा लगदा येतो. पण पहिल्या एक-दोन दिवसांत खरी भीती असते ती न दिसणाऱ्या वाफेची. कच्चे तेल, डिझेल, पेट्रोल यांत बेंझीन, टोल्यूइन अशी झटकन उडणारी द्रव्ये असतात. ती नाकावाटे आत गेली की डोके जड होते, चक्कर येते, मळमळते, डोळे चुरचुरतात, घसा धरतो. दम्याच्या रोग्याला धाप लागते. बेंझीन बराच काळ शरीरात जात राहिले तर रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेला अपाय होतो, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. काही कच्च्या तेलांतून कुजक्या अंड्यासारखा वास असणारा वायूही सुटतो. त्याचा कावेबाजपणा असा, की त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. म्हणून 'आता वास येईनासा झाला, चला खाली' हा हिशेब चुकीचा आहे.

२००३ मध्ये कराचीच्या बंदराजवळ 'तस्मान स्पिरिट' हे तेलवाहू जहाज रुतून फुटले. समुद्र आपलाच, अरबी, आणि दिवसही पावसाळी वाऱ्याचे. हजारो टन कच्चे तेल सांडले. क्लिफ्टनच्या किनाऱ्यालगत राहणारे लोक तेलाला हात न लावताच डोकेदुखी, मळमळ, खोकला, डोळ्यांची आग अशा तक्रारी सांगू लागले. ते घरात बसलेले होते, वारा तेवढा त्यांच्याकडे येत होता.

यावर उपाय साधा आहे, पण वेळेत करायला हवा. घर अगदी किनाऱ्यालगत असेल आणि वास येत असेल तर समुद्राकडच्या खिडक्या लावून घ्याव्यात. दमेकरी, हृदयरोगी, गरोदर बाई, तान्हे मूल आणि म्हातारी माणसे यांना दोन-तीन दिवसांसाठी गावात आत, नातेवाइकांकडे हलवावे. तवंगाजवळ बिडी-काडी पेटवू नये. तोंडाला रुमाल बांधून जाण्यात काही अर्थ नाही. कोविडच्या साथीनंतर घरोघरी एन-९५ मास्क उरलेले आहेत, ते काढून लोक निर्धास्त होतील अशी मला भीती वाटते. तो मास्क कण अडवतो, वाफ अडवत नाही. वाफेसाठी कोळशाची डबी बसवलेला वेगळा मास्क लागतो आणि तो सरकारी पथकाकडे असतो. तो नसेल तर पहिले दोन दिवस सामान्य माणसाने खाली उतरूच नये. बोटी वाचवायला जावेच लागले तर वारा पाठीमागून, म्हणजे आपल्याकडून तेलाकडे जाईल अशा बाजूने जावे, काम उरकावे आणि निघावे. डोके जड झाले तर 'एवढे झाले की जातो' असे म्हणू नये. कुणी कोसळलाच तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणावे, भिजलेले कपडे उतरवावेत आणि १०८ ला फोन करावा.

उघडे हात आणि रॉकेलचा बोळा

जहाजांच्या इंजिनांचे जाड तेल फारसे उडून जात नाही. ते राहते, चिकटते आणि पिढीजात समुद्रावर जगणाऱ्यांच्या हातांनीच ते बहुधा उपसले जाते. २८ जानेवारी २०१७ च्या पहाटे चेन्नईजवळ एन्नूरला दोन जहाजे एकमेकांवर आदळली. आलेले तेल इतके घट्ट होते की ते ओढून घ्यायला आणलेल्या पंपांचेही फारसे चालेना. मग तटरक्षक दलाचे जवान, मच्छीमार, विद्यार्थी यांनी रांगा करून ते बादल्यांनी उपसले. वर्तमानपत्रांत कोपरापर्यंत काळ्या झालेल्या हातांचे फोटो आले, कौतुकही झाले. माणसांची तळमळ खरीच होती. पण मी डॉक्टर आहे, मला त्या फोटोंत आधी दिसले ते मोजे नसलेले हात. त्याच एन्नूरच्या खाडीत डिसेंबर २०२३ मध्ये वादळी पुराच्या पाण्याबरोबर पुन्हा तेल आले आणि पुन्हा कोळी बांधवच ते काढायला उतरले.

बांगलादेशातला प्रकार याहून वाईट. ९ डिसेंबर २०१४ रोजी सुंदरबनातल्या शेला नदीत एक टँकर बुडाला आणि सुमारे साडेतीन लाख लिटर फर्नेस ऑइल पाण्यात पसरले. गोळा केलेले तेल लिटरला तीस टका भावाने विकत घेतले जाऊ लागले. साहजिकच गावेच्या गावे भांडी, चिंध्या घेऊन पाण्यात उतरली आणि त्यांत लहान मुलेही होती. गरिबाला पैसा दिसला की तो मोजे शोधत बसत नाही. उद्या आपल्याकडे असा रोज लावला गेला तर तो मोजे, बूट दिल्याशिवाय लावू नये आणि अठरा वर्षांखालील कुणालाही देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोज्यांविषयी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट सांगतो. औषधाच्या दुकानात मिळणारे पांढरे पातळ रबरी मोजे तेलाने सैल पडतात आणि फाटतात. फाटक्या मोज्यात तेल साठून राहिले तर ते उघड्या हातापेक्षाही वाईट. नायट्राइलचे मोजे, जे बहुधा निळ्या रंगाचे असतात, ते तेलाला टिकतात. जाड असलेले चांगले. पायात गमबूट, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा आणि त्यावर प्लॅस्टिकचा कोट असावा.

आणि तंबाखूचे काय? आपल्या माणसाला तासाभराने तंबाखू मळायची सवय, बायकांना मिश्री. तेलकट तळहातावर चुना-तंबाखू मळली की ते तेल थेट तोंडात जाते. काम संपवून हात साबणाने धुतल्याशिवाय तंबाखू, विडी, चहा, भाकरी काहीही नको. हे माझे सांगणे कितीजण ऐकतील याची मला कल्पना आहे, तरी सांगतो.

अंगाला लागलेले तेल कसे काढावे? रॉकेल, पेट्रोल, थिनर अजिबात वापरू नये. त्याने काळा डाग झटकन जातो हे खरे, पण कातडीवरचा नैसर्गिक स्निग्ध थर विरघळतो, कातडी फाटते आणि विषारी द्रव्ये आत जायला वाट मिळते. वाळूने घासणेही तसेच. त्याऐवजी खोबरेल किंवा स्वयंपाकाचे कुठलेही गोडे तेल चोळावे, जुन्या फडक्याने पुसून काढावे, पुन्हा लावावे, पुन्हा पुसावे आणि मग साबण व कोमट पाण्याने धुवावे. तेलाला तेलच सोडवते. लहान मुलांच्या पायांना लागलेल्या डांबराच्या गोळ्यांसाठीही हाच उपाय. डोळ्यात उडाले तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची बारीक धार सोडावी, डोळा चोळू नये. अंगावर बारीक पुटकुळ्या आल्या तर त्या तेलाने केसांची मुळे बुजल्यामुळे असतात. काम थांबवले की बहुतेक ओसरतात. दुकानातून मलमाची नळी आणून स्वतःच सुरुवात करू नये, कारण त्या मलमांत बऱ्याचदा स्टिरॉइड असते आणि पू झालेल्या पुळीवर ते लावले की पुळी चिघळते.

तेलाने माखलेले कपडे घरात नेऊ नयेत, चुलीजवळ वाळत घालू नयेत आणि दुसऱ्या दिवशी तसेच अंगात चढवू नयेत.

पोहताना किंवा होडीतून पडून तेलकट पाणी पोटात गेले तर उलटी काढू नये. रॉकेल प्यायलेली मुले आम्ही डॉक्टर मंडळींनी पुष्कळ पाहिली आहेत. हल्ली रेशनचे रॉकेल दिसेनासे झाले तशा त्या केसेस कमी झाल्या. मूल दगावायचे ते बहुधा पोटात गेलेल्या रॉकेलाने नव्हे. घाबरलेल्या घरच्यांनी मिठाचे पाणी पाजून उलटी काढलेली असायची आणि त्या उलटीबरोबर रॉकेल फुफ्फुसात जायचे. मग न्यूमोनिया. समुद्रातल्या तेलाचीही तीच गत. रोग्याला बसते ठेवून दवाखान्यात आणावे, एवढेच.

आता उन्हाविषयी. रबरी मोजे, बूट, प्लॅस्टिकचा कोट घालून आपल्या दमट हवेत अर्धा तास वाळू उपसून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. २०१० मध्ये अमेरिकेजवळ मेक्सिकोच्या आखातात विहीर फुटून सत्त्याऐंशी दिवस तेल वाहत होते, तेव्हा साफसफाई करणाऱ्यांच्या बाबतीत तिथल्या आरोग्य पथकांना सर्वांत मोठी काळजी वाटत होती ती उन्हाच्या त्रासाची. म्हणून काम सकाळी लवकर आणि उन्हे कलल्यावर करावे. अर्धा तास काम झाले की सावलीत कोट काढून बसावे, मीठ-साखरेचे पाणी प्यावे. घाम यायचा थांबला, बोलणे असंबद्ध होऊ लागले तर तो उष्माघात समजावा, भूक-थकवा नव्हे.

मासळी खावी की नको?

अशा वेळी दवाखान्यात पहिला प्रश्न हाच येणार. सरसकट 'खाऊ नका' म्हणणे सोपे आहे, पण त्याने कोळ्यांच्या चुली विझतात आणि ते शास्त्रालाही धरून नाही. सुरमई, बांगडा यांसारख्या पोहणाऱ्या माशाचे यकृत तेलातली विषारी द्रव्ये फोडून काही दिवसांत बाहेर टाकते. शिवाय असा मासा तवंगापासून दूर जाऊ शकतो. तिसऱ्या, मुळे, कालवे यांची गोष्ट निराळी. ती जागची हलत नाहीत, दिवसभर पाणी गाळून अन्न घेतात आणि तेलातली द्रव्ये त्यांच्या मांसात बराच काळ साठून राहतात. तेव्हा तेल आलेल्या खाडीतल्या शिंपल्या आणि कालवे, तपासणी होऊन सरकारी खुलासा येईपर्यंत, बंद ठेवावीत. तवंगापासून दूर, खोल समुद्रात धरलेला मासा खायला हरकत नाही. मात्र कुठल्याही मासळीला रॉकेल-डिझेलचा वास असेल तर ती फेकावी. आमसुले, आले-लसूण लावून वास दबेल, शिजवून किंवा तळून विष जाणार नाही. ज्या वाळूवर तेल आले तिथे मासळी सुकत घालणे त्या मोसमापुरते थांबवावे.

तेलाबरोबर काही वेळा कंटेनर, पिंपेही वाहत येतात. 'चित्रा'वरच्या काही कंटेनरांत कीटकनाशके होती. मे २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ 'एम.एस.सी. एल्सा-३' बुडाले, त्याच्या बारा कंटेनरांत कॅल्शियम कार्बाइड होते. आंबे पिकवायला चोरून वापरतात तेच. त्याला पाणी लागले की पेट घेणारा वायू सुटतो. आलेला डबा फुकटचा माल समजून उघडायला जाऊ नये. निदान दोनशे मीटर लांब राहावे आणि पोलिसांना कळवावे. समुद्रात तवंग दिसला तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक चालतो. किनाऱ्यावर आला तर तलाठी, पोलीस ठाणे, तहसीलदार यांच्यामार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे खबर द्यावी. स्वतःच्या डोक्याने साबणाचा चुरा किंवा फवारणीची औषधे पाण्यात ओतू नयेत, उथळ पाण्यात त्याने तेल नाहीसे न होता खाली शिंपल्यांपर्यंत जाते. गोळा केलेले तेल वाळूत पुरू नये, चुलीतही घालू नये.

एक वही हवी

नोव्हेंबर २००२ मध्ये स्पेनच्या गॅलिसिया किनाऱ्यासमोर 'प्रेस्टिज' नावाचे तेलवाहू जहाज फुटून बुडाले आणि साठ हजार टनांच्या आसपास जाड तेल समुद्रात गेले. तिथल्या कोळ्यांनी महिनोन्महिने किनारा साफ केला. एक-दोन वर्षांनी डॉक्टरांनी मच्छीमारांच्या सहकारी संस्थांमधून हजारो कोळ्यांची विचारपूस केली. जे साफसफाईला गेले होते त्यांच्यात खोकला, कफ, घरघर, धाप या तक्रारी न गेलेल्यांपेक्षा जास्त आढळल्या. जितके दिवस जास्त, जितके तास जास्त, तितका त्रास जास्त. काळ गेला तसा तो कमी होत गेला, पण पुरता संपला नाही.

हे कळू शकले, कारण कोण कामावर गेले आणि कोण नाही, हे विचारून सांगणारी माणसे आणि संस्था तिथे होत्या. आपल्याकडेही मच्छीमार सोसायट्या आहेत. प्रत्येक सोसायटीने किंवा ग्रामपंचायतीने अशा प्रसंगी पहिल्याच दिवशी एक वही घालावी. नाव, वय, आधीचा आजार, कोणत्या तारखेला किती तास काम केले, कोणते काम केले, मोजे-बूट होते की नव्हते, संध्याकाळी काय त्रास झाला. नुकसानभरपाई मागायची तर कागद लागतो आणि दोन वर्षांनी खोकणारा माणूस माझ्यासमोर येऊन बसला तर मलाही लागतो. प्राथमिक आरोग्य केंद्रांनी पावसाळ्यापूर्वी किनाऱ्याच्या वाडीतल्या दमेकऱ्यांची यादी करावी आणि नायट्राइलचे मोजे, ऑक्सिजन, दम्याचे पंप, मीठ-साखरेची पाकिटे यांचा साठा पाहून घ्यावा. या सामानाचा खर्च फार नाही. सापाच्या लशीसारखेच ते एरवी पडून राहील, आणि पडून राहिले तर उत्तमच.

ज्यांनी कधी असे काम केले असेल, मग ते बंदरात असो, टँकर धुण्याचे असो की मुंबईला असताना तवंग काढण्याचे, त्यांनी खोकला तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकल्यास डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. आपण विडी किती ओढता ते डॉक्टर विचारतात, तेलाचे विचारतीलच असे नाही.

पुढच्या आठवड्यात पावसाळ्यातल्या चिखल्यांविषयी.